उथळ काठ बुजवू नका, साहेब

प्रति,
कोल्हापूर परिसरातल्या तलावांचं पाणी, काठ आणि त्यावरचे पक्षी ज्यांच्या ज्यांच्या अखत्यारीत येतात ते सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी

विषय : तलावाच्या उथळ काठावर भराव टाकण्याचं आणि हिवाळ्यात स्पीडबोट सुरू करण्याचं काम थांबवण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गणपती झाले की तलावाच्या पश्चिम काठावर डंपर सुरू होणार, असं ठेकेदाराच्या माणसानं परवा सांगितलं. फक्कीची आखणी झालीच आहे. मुरमाचे ढीग येऊन पडलेत आणि वळणावर भला मोठा फलक लागलाय : वॉकिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक, दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), एलईडीचे खांब, सेल्फी पॉइंट, स्पीडबोट. फलकाच्या कोपऱ्यात एका बदकाचा फोटो आहे. हिरवं डोकं, पिवळी चोच, गळ्याशी पांढरी कडी. हे बदक आपल्या भागात सहसा येत नाही. जे दरवर्षी येतं, त्या थापट्या बदकाची बसायची आणि खायची जागा नेमकी या फलकावरच्या कामाखाली जाणार आहे. गप्प बसवेना म्हणून हे पत्र लिहितोय, आणि ते उघड लिहितोय, कारण बंद पाकिटातली पत्रं कुठं जातात ते आता कळलंय.

तलावाचं नाव मुद्दाम घालत नाही. फाईल आपल्या टेबलावर आहे, आपल्याला ते ठाऊकच आहे. इतरांना सांगितलं की येत्या रविवारी ड्रोन आणि रीलवाले हजर. शहराला गर्दीचं पाणी हवं असेल तर रंकाळा आहे, तिथली संध्याकाळ कुणी हिरावून घेत नाही. शहराच्या कडेला एखादं पाणी बिनगर्दीचं राहिलं तर बिघडलं कुठं?

मी पक्षितज्ज्ञ नाही. उद्यमनगरात माझं लहानसं वर्कशॉप आहे, लेथवर आयुष्य गेलं. सकाळी शटर उघडायच्या आधी तलावावर फेरी मारायची सवय वडिलांपासूनची. ते गळ टाकून बसायचे, मी दुर्बीण घेऊन बसतो. त्यामुळं या काठावर कोण कधी येतं, कुठं बसतं आणि कशानं उठून जातं, हे मला फलक रंगवणाऱ्यापेक्षा थोडं जास्त कळतं, एवढाच माझा दावा.

ज्याच्यासाठी लिहितोय ते बदक म्हणजे थापट्या. युरोपपासून कझाकस्तान, सायबेरियापर्यंतच्या थंड मुलखात त्याची वीण होते. तिकडं पाणी गोठायला लागलं की तो दक्षिणेकडं निघतो आणि ऑक्टोबरच्या शेवटाला आपल्याकडं पोचायला लागतो. मार्चपर्यंत मुक्काम. वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो. आला तेव्हा नर कोणता, मादी कोणती, नवख्याला ओळखता येत नाही. सगळेच तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे. मग हळूहळू नराचं डोकं हिरवं होत जातं, छाती पांढरी, कूस विटकरी. डिसेंबर उजाडला तरी काही नर अर्धेमुर्धेच रंगलेले असतात. चोच मात्र पहिल्या दिवसापासून चुकत नाही : डोक्यापेक्षा लांब, पुढं पसरट. असली चोच आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या बदकाला नाही.

ती चोच मी हातात घेऊन बघितली आहे. मागच्या हिवाळ्यात काठाच्या पाणकणसात एक मादी नायलॉनच्या जुन्या जाळ्यात अडकून मेलेली सापडली. जाळं पंखाखालून मानेला दोन वेढे बसून आवळलं होतं. सोडवताना चोच उघडली आणि आतली कडा दिसली. फणीच्या दात्यांसारखे बारीक दाते, एकाला एक लागून, चोचीच्या दोन्ही बाजूंनी. पुस्तकात अशा दात्यांची संख्या ११० च्या आसपास दिलेली आहे. दोन दात्यांमधली फट मिलिमीटरच्याही आतली. माझ्या कामात असली फट इतक्या सरळ ओळीत काढायची म्हणजे मशीन चांगलं लागतं आणि माणूसही. थापट्या पाण्यावर चोच टेकवून पुढं सरकत राहतो, पाणी आत घेतो, कडेनं बाहेर सोडतो आणि पाण्यातले बारीक किडे, डासांच्या अळ्या, गोगलगायी, बिया या दात्यांत अडकतात. कधी दहा-वीसजण मिळून एकाच जागी गोल फिरत राहतात. पाय मारून तळातला गाळ ढवळायचा आणि पुढच्यानं वर आणलेलं मागच्यानं गाळून घ्यायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यांना काहीतरी झालंय.

आता मुद्द्यावर येतो. हे बदक बुडी मारून खाणारं नाही. मान पोचेल तेवढंच त्याचं ताट. म्हणजे त्याला घोट्याएवढं, फार तर गुडघ्याएवढं पाणी लागतं आणि खाली चिखल लागतो. तलाव केवढा मोठा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तलावाच्या मधोमध वीस फूट पाणी असलं तरी थापट्याच्या दृष्टीनं तिथं मुख्यतः झोपायचीच सोय. त्याचा खरा तलाव म्हणजे पश्चिमेकडची ती उतरती, चिखलाची, पाणकणसाची पट्टी. आपल्या आराखड्यात तिला ‘पडीक दलदल’ म्हटलंय. त्या पट्टीवर मुरूम टाकून कडेला सरळ दगडी पिचिंग केलं की पाणी एका पावलात खोल होणार. तलावाचं क्षेत्रफळ कागदावर फारसं घटलेलं दिसणारही नाही, आणि बदकांचा तलाव मात्र संपलेला असेल. तलवार बदकं, चक्रांग, तुतवार, शेकाट्या, सगळ्यांचं त्याच पट्टीवर भागतं. भोयांची जाळीही पावसाळ्यात त्याच बाजूला लागतात, कारण मासा उथळात अंडी घालतो. त्यांना कुणी विचारलं का? मी विचारलं. त्यांनाही फलक बघूनच कळलं.

माझ्या तक्रारी या एका कामापुरत्या नाहीत. गेल्या काही वर्षांतल्या साठलेल्या आहेत, त्या मांडतो.

पहिली तक्रार वेळेची. तलावाची सगळी कामं नेमकी हिवाळ्यात निघतात. पावसाळ्यात यंत्रं चालत नाहीत, मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा, हे मलाही कळतं. पण त्यामुळं काय होतं बघा. केंदाळ (जलपर्णी) काढायचं यंत्र जानेवारीत पाण्यात उतरतं, दिवसभर घरघरतं आणि केंदाळाबरोबर काठाचं पाणकणीसही उपटून नेतं. काढलेलं केंदाळ काठावरच ढीग लावून ठेवतात, ते तिथंच कुजतं आणि त्याचा काळा रस परत तलावात. केंदाळ काढूच नका असं मी म्हणत नाही. ते काढायलाच हवं, ते पसरलं की खालच्या पाण्याला ना ऊन ना हवा. फक्त सप्टेंबरअखेर काढा, उचलून लांब न्या आणि पाणकणसाला हात लावू नका. याला जास्तीचा एक रुपया लागत नाही, टेंडरची तारीख तेवढी आधी लागते.

दुसरी तक्रार सांडपाण्याची, आणि इथं जरा थांबून लिहायला हवं. याच विषयावर एका साहेबांनी मला उत्तर दिलं होतं की, ‘बदकं येतायत म्हणजे पाणी चांगलंच आहे की.’ हा दाखला थापट्याच्या नावावर फाडू नका. थापट्या हा मैलापाण्याच्या तळ्यांवरही टिकून राहणारा गडी आहे. सांडपाण्यानं पाण्यात खत वाढतं, खतानं शेवाळ, शेवाळावर बारीक किडे, आणि ते किडे गाळून खायला याच्याकडं हत्यार आहे. ज्यांच्याकडं नाही ती बदकं आधी निघून जातात. म्हणजे एखाद्या तलावावर बाकीची बदकं कमी होऊन नुसता थापट्याच उरला, तर ती पाणी बिघडल्याची खूण असते. आपल्या तलावाची वाटचाल तिकडंच चाललीय. पूर्वी लालसरी बदकांचे थवे मधल्या पाण्यात दिसायचे, ते आता बघायला मिळत नाहीत. नव्या कॉलन्यांचा ओढा सरळ तलावात येतो. सकाळी त्याच्या तोंडाशी उभं राहिलं की साबणाचा फेस आणि वास दोन्ही येतात.

आणि थापट्याची ताकदही किती धरायची? नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर तलावावर सुमारे १८ हजार पक्षी मेले, त्यांत थापट्येही होते. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेनं कारण दिलं : बोट्युलिझम. पाण्यातला प्राणवायू संपला, काही कुजायला लागलं की एक जंतू विष तयार करतो. त्या विषानं पक्ष्याचे पंख आणि पाय लुळे पडतात, मान टाकून तो बुडतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, विष अळ्यांत उतरतं, त्या अळ्या खाऊन दुसरा पक्षी मरतो. त्यामुळं अशा ठिकाणी मेलेला पक्षी ताबडतोब उचलणं हाच मोठा उपाय ठरतो.

म्हणून तिसरी तक्रार, जी मला सगळ्यांत जास्त लागली. ती जाळ्यातली मादी सापडली तेव्हा मी फोन लावले. पहिल्या कार्यालयानं सांगितलं, पाणी आमचं, पक्षी आमचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, पक्षी आमचा, पण जागा आमच्या हद्दीत नाही. तिसऱ्यानं सांगितलं, काठ आमचा आहे, तरी आधी अर्ज द्या. अर्ज दिला. पोच मिळाली. माणूस आला नाही. पाणकणसात तशीच आणखी दोन मेलेली बदकं होती, त्यांच्या अंगावर जाळं नव्हतं. ती कशानं मेली ते कुणी तपासलंच नाही, तिथंच कुजली. सांभरची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला त्या दिवसांत झोप कशी लागेल, आपणच सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. या बदकाची शिकार केली तर गुन्हा. पण ते हलगर्जीनं मेलं तर उचलायचं कुणी, याचं उत्तर कोल्हापुरात तीन कार्यालयांना मिळून देता येत नाही.

जाळ्यांबद्दल एक खुलासा, नाहीतर उद्या भोयांवर काठी उगारली जाईल. जिवंत धंद्याचं जाळं कुणी पाण्यात सोडून देत नाही, ते पैशाचं असतं. अडकतात ती फाटून टाकून दिलेली जाळी आणि हौशी लोकांचे तुटलेले गळाचे दोरे. वर्षातून एकदा, पाणी उतरलं की, ती गोळा करायला हवीत. भोई मंडळी स्वतः तयार आहेत, फक्त गोळा केलेलं टाकायचं कुठं ते ठरलेलं नाही आणि न्यायला गाडी त्यांच्याकडं नाही.

चौथी तक्रार बोटींची. पायडल बोटी गेल्या वर्षी आल्या. बदकाच्याच आकाराच्या आहेत, पिवळ्या चोचीच्या; खऱ्या बदकांना हाकलायला फायबरची बदकं आणलीत, हा विनोद कुणाच्या डोक्यातून निघाला त्याला नमस्कार. तरी पायडल बोट हळू चालते, तिच्यासाठी दोरी बांधून हद्द आखली तर निभावेल. स्पीडबोटीला हद्द नसते. इंजिनाचा आवाज आला की सगळा थवा उठतो, पंखांचा खडखड आवाज करत सरळ वर जातो, दोन-तीन घिरट्या घालतो, बसतो, पुन्हा उठतो. बघणारे टाळ्या वाजवतात. त्या प्रत्येक उठण्यात पक्ष्याची चरबी जळते, आणि ती चरबी त्यानं मार्चच्या परतीच्या प्रवासासाठी साठवायची असते. भारतात पायात कडी घालून सोडलेली बदकं मध्य आशियात, सायबेरियात सापडल्याच्या नोंदी आहेत. मध्ये हिमालय आहे. दिवसा हुसकलेला थापट्या रात्री खाऊन भरून काढतो. तर रात्रीसाठी आपण काठभर एलईडी लावताय.

राहिला कायदा. पाणथळ जागांचे नियम २०१७ चे आहेत. ज्या पाणथळींना ते लागू होतात तिथं भराव टाकायचा नाही, कचरा टाकायचा नाही, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायचं नाही आणि मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायचं नाही. सूट आहे ती बोटींच्या धक्क्याला. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच देशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिला. पण याच नियमांत एक मोठं भोक आहे : पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव त्यांतून वगळलेत. आपल्याकडची निम्मी तळी संस्थानकाळात कुणी ना कुणी कशासाठी तरी बांधलेलीच आहेत. कळंबा तलाव तर शहराला पाणी पाजायलाच बांधला. मग अशा तलावांचं काय, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला नको का? आमचा तलाव नियमात बसतो का, या प्रश्नाला मला आजवर ‘तपासून कळवू’ एवढंच उत्तर आहे. काम मात्र तपासायच्या आधी सुरू होतंय. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीत गेली, त्याचा आनंद आहे. आमच्या तळ्याला जागतिक यादी नको. साध्या सरकारी यादीत ते आहे की नाही, एवढंच हवंय.

‘बदकांपेक्षा माणसं महत्त्वाची’ असं एका बैठकीत ऐकवलं गेलं. मीही माणूसच आहे, रोज तिथं चालतो, गुडघे दुखतात, ट्रॅक मलाही हवाय. पूर्वेला धरणाच्या भिंतीवरून रस्ता आहेच. तो नीट करा, बाकं टाका, कठडा बांधा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढउतारही लागणार नाही. माणसांना पूर्व काठ आणि बदकांना पश्चिम, अशी वाटणी सख्ख्या भावांतसुद्धा होत नाही इतकी सोपी आहे. शिवाय कोल्हापूरकराला उथळ जमिनीची किंमत ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानं दाखवून दिलीय. पाणी पसरायला जागा लागते. ती बुजवली की ते कुणाच्या दारात जातं, हे ज्यांनी माळ्यावर रात्र काढली त्यांना विचारा.

लोक ऐकत नाहीत, असंही म्हणू नका. पंचगंगेत आणि रंकाळ्यात गणपती सोडणारं हे गाव विसर्जनासाठी इराणी खणीकडं, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीकडं वळलं, घराघरांतून मूर्तिदान झालं. आधी कुरकुरले, मग आपणहून जायला लागले. समजावून सांगितलं तर हे शहर ऐकतं. फक्त ‘शाहूंची नगरी’ म्हणून भाषणं करून नव्हे.

मागण्या अशा आहेत.

एक, पश्चिम काठावरचा भराव आणि पिचिंग रद्द करावं आणि आलेला मुरूम डंपर लागायच्या आत उचलावा. ट्रॅक पूर्वेच्या भिंतीवर न्यावा.

दोन, ऑक्टोबर ते मार्च या काळात तलावात कोणतंही यंत्र उतरवू नये, स्पीडबोट कायमचीच नको. पायडल बोटींना दोरीची हद्द आखून द्यावी. काठावरचे दिवे पूर्वेपुरते, खाली तोंड केलेले आणि रात्री दहाला बंद होणारे असावेत. फटाके आणि ड्रोनला मनाई.

तीन, कॉलन्यांचा ओढा अडवून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडं न्यावा. हे एका वर्षात होणार नाही हे मान्य. निदान आराखडा, खर्च आणि तारीख जाहीर करावी.

चार, मेलेला किंवा जखमी पक्षी दिसला तर लावायचा एकच फोन नंबर काठावर रंगवावा. तो उचलणारा माणूस आणि तपासणारा पशुवैद्य ठरवून द्यावा, मग त्याचा पगार तीनपैकी कोणतंही कार्यालय देवो.

पाच, २०१७ च्या नियमांत आमचा तलाव बसतो की नाही, हे लेखी आणि कारणासह सांगावं. बसत नसेल तर तो वाचवायला दुसरी कोणती तरतूद वापरणार, तेही सांगावं.

सहा, दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. ती या तलावावर अधिकृतपणे करावी आणि आकडे फलकावर लावावेत. मोजायला आम्ही येतो, फुकट येतो. भोई मंडळींनी त्यांची होडी द्यायचं कबूल केलंय.

फलकावरचा बदकाचा फोटोही बदलावा, पण ती मागणी सातवी धरू नका. बाकीची सहा झाली तर फोटो मी देतो.

पहिले थापट्ये उतरायला थोडे आठवडे राहिलेत, म्हणून उत्तर विसर्जनाच्या आधी आणि लेखी हवं. फोनवरचं ‘बघतो, करतो’ बरंच ऐकून झालंय.

आपला,
उद्यमनगरातला एक लेथवाला